पाठीमागच्या ओळीतल्या गोवऱ्या

आमच्या घरात चोर कधीच शिरला नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत त्याचीच वाट बघत बसायचा. आम्हीही तेच केलं. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं आमच्या घराने चोराची वाट बघण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. जेवताना बघितली, निजताना बघितली, शेतात खुरपताना मान वर करून गावाकडे बघितली. पाहुण्याची इतकी वाट बघितली असती तर तो नक्की आला असता.

राजूरपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. घरं मातीच्या भिंतींची, वर माळवद, म्हणजे लाकडांवर माती घालून केलेलं सपाट छत. त्या छतात उजेडासाठी आणि धुरासाठी एक भोक ठेवलेलं, त्याला सवणं म्हणायचे. अशा घराला दार कशासाठी असतं हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा, कारण चोर दाराने येत नाहीत हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चोर पाठीमागच्या भिंतीला पाणी मारतात, माती मऊ झाली की पहारीने गुपचूप उकरतात, आणि माणूस शिरेल एवढं भगदाड पडलं की आधी काठीला मडकं लावून आत सारतात. आत कुणी जागा असला तर तो मडक्यावर घाव घालतो आणि चोराचं डोकं शाबूत राहतं. चोर आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, पण त्याची रीत सगळ्यांना तोंडपाठ होती.

त्या रीतीला आमच्या घरातही तोड निघालेली होती. वडिलांनी सवण्याभोवती बाभळीच्या काट्या रचून त्यावर दगड ठेवले. आईने पाठीमागच्या भिंतीला लागून मडक्यांची उतरंड लावली, खाली मोठं, वर लहान, त्याहून वर लहान. भिंत हलली की उतरंड कोसळणार आणि आम्ही जागे होणार, असा तिचा हिशेब. प्रत्यक्षात उतरंडीच्या भीतीने आम्हीच त्या खोलीत अंग चोरून वावरायचो. वडील रात्री मुद्दाम खोकायचे. खोकला नसताना खोकून खोकून त्यांना खरा खोकला लागला. मग आई म्हणायची, आता थोडं थांबा, चोराला वाटंल माणूस आजारी हाय, उठायचा न्हाई.

शिवाय कुलूप होतं. राजूरला चतुर्थीच्या गर्दीत दुकानदार दोरीवर कुलपं टांगून बसायचे. वडिलांनी त्यातलं सगळ्यात जड निवडलं. आमच्या दाराची कडी एवढी नाजूक आणि कुलूप एवढं दांडगं, की नाकापेक्षा मोती जड हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. किल्ली आईच्या गळ्यातल्या काळ्या पोतीत अडकवलेली असायची. ती वाकली की किल्ली पुढे यायची आणि पिठात, शेणात, पाण्यात बुचकळून परत जागेवर जायची. मला त्या किल्लीचा राग होता, अजूनही आहे. शेतातून कुणी एकजण आधी घरी आलं तर आई येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायचं. आपल्याच घराच्या बाहेर. मी कितीतरी संध्याकाळी अशा पाय आपटत घालवल्या.

शेजारी मोठमाय राहायची. ती आमच्या नात्याची नव्हती, पण वयाने सगळ्यांत थोरली म्हणून सगळे तिला मोठमाय म्हणायचे. नवरा जाऊन जमाना झालेला, एकुलता एक मुलगा जालन्याला सरकीच्या मिलमध्ये कामाला. तो सणाला यायचा, तिला चल म्हणायचा, ती जायची नाही. घर कुणाच्या भरवशावर टाकू, म्हणायची. आणि त्या घरात होतं काय? दोन मडकी, एक वाकळ, ज्वारीचं गाडगं. तरी घर राखण्याची तिची तऱ्हा आमच्यापेक्षा वरचढ. उंबऱ्याशी मेलेल्या नवऱ्याच्या वहाणा रोज पुसून ठेवायची, खुंटीला त्याचं पागोटं, आणि दिवेलागणीला त्या पागोट्याशी मोठ्याने बोलायची, जेवण वाढू का म्हणून. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं आत गडी माणूस आहे. आत कुणी नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ती बोलायची.

तिच्याच घराला भगदाड पडलं. अख्ख्या गल्लीत चोरांनी नेमकं तेच घर निवडलं, बहुतेक ती दाराला एक सोडून दोन कुलपं लावायची म्हणून. ती राजूरला देवाला गेलेली असताना, भर दिवसा, पाठीमागच्या ओढ्याच्या बाजूने. परत येऊन बघते तो भिंतीला बोगदा आणि आत सगळं जागच्या जागी. गाडग्यातली ज्वारीसुद्धा नेली नव्हती. गाव जमलं. काय गेलं, काय गेलं, सगळे विचारत होते आणि ती उत्तर देत नव्हती. मी तिच्या अगदी जवळ उभी होते. चोरी झालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते नंतर मी इतर ठिकाणी पाहिलं, हा तसा नव्हता. हा लाजेचा होता. कुणीतरी मागून म्हणालं, चोर बिचारे पदरचं काहीतरी ठेवून गेले नाहीत ना बघा. सगळे हसले.

तेव्हा ती ताठ झाली आणि म्हणाली, "सोनं हाय माझ्यापशी. त्याहिला गावलं न्हाई. जागच्या जागी हाय."

त्या दिवसापासून मोठमायचं सोनं हा गावाचा विनोद झाला. पोरं तिला विचारायची, मोठमाय, सोन्याला ऊन दाखवलं का? तिचा मुलगा आला की त्यालाही चिडवायचे, अरे तू तर सावकाराचा लेक. तो ओशाळं हसायचा. एकदा तो आमच्या ओसरीवर बसून वडिलांना म्हणाला होता की आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिच्याकडे फुटका मणी नाही, पण लोकांपुढे खोटं बोलते आणि मला खाली बघावं लागतं. मोठमाय कुडाच्या पलीकडेच होती. तिने ऐकलं असणार.

सोनं खरं तर आमच्याकडे होतं. माझ्या आईच्या आईची बोरमाळ. बोरमाळेचे मणी आतून लाखेचे, वरून सोन्याचा पातळ पत्रा. दिसायला भरघोस, वजनाला हलकी. मला बघायला मंडळी आली तेव्हा आईने ती पेटीतून काढून पाहुण्यांपुढे ठेवली. मुलाच्या आत्याने ती हातात घेऊन, उजेडाकडे धरून, दाताशी नेऊन पुन्हा खाली ठेवली. बाकी देणंघेणं नको, म्हणाल्या, पण एवढी पोरीच्या गळ्यात पाहिजे. आईने हो म्हटलं. बोरमाळ तशी आधीच माझी होती.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. मुलगा उठताना मागे टेकला आणि आमची उतरंड कोसळली. मडकी गडगडत अंगणापर्यंत गेली. पाहुणे दचकले, वडिलांनी सवयीने काठी उचलली, आई लाजेने मेल्यासारखी झाली. तो मुलगा तेवढा हसला. मोठ्या माणसांपुढे, नवरा मुलगा असून, खाली बसून त्याने मडकी गोळा केली आणि मला हळूच विचारलं, खाली मोठं का लहान? मी म्हटलं, मोठं. आमचं एवढंच बोलणं. पण मला तो आवडला, अगदी मनापासून आवडला, आणि हे आज सांगायला मला कसलाही संकोच नाही.

सोनं दाखवलं की त्याला पाय फुटतात, असं आई म्हणायची. पाहुणे गेले आणि तिची झोप गेली. बोरमाळ पेटीतून ज्वारीच्या कणगीत गेली, कणगीतून चुलीमागच्या कोनाड्यात, तिथून वाकळेच्या थरात. वाकळेत गेली तेव्हा आई ती वाकळ कुणाला पांघरू देईना, आणि थंडीचे दिवस होते. मी चिडून म्हणाले, लग्नाआधी मला गारठून मारशील. ती ऐकायची नाही. शेतात खुरपं टाकून अचानक उभी राहायची, मी येते जाऊन, म्हणायची आणि घराकडे पळायची. तिच्या धावपळीने आमचंही चित्त थाऱ्यावर राहत नव्हतं. सबंध घर एका जागी बसायचं विसरलं होतं.

मग कधीतरी ती मोठमायकडे गेली. काय बोलणं झालं ते मला पुढे कळलं. मोठमायने तिला सांगितलं की जिथं चोराला हात घालायची किळस येते तिथं ठेव. आईला पटलं. आमच्याकडे घराच्या मागे गोवऱ्यांची उडवी होती. वाळलेल्या गोवऱ्या गोल रचून त्यांना बाहेरून शेणाने लिंपलेलं, पाऊस आत जाऊ नये म्हणून. आईने एका सकाळी बोरमाळ फडक्यात गुंडाळली, शेणाच्या गोळ्यात घातली, थापली, पाच बोटं उठवली आणि भिंतीला मारली. वाळल्यावर उडवीत पाठीमागच्या ओळीत, अगदी आतल्या अंगाला लावली. घरात कुणालाही सांगितलं नाही, वडिलांनासुद्धा. दोघांना कळलं की तिसऱ्याला कळतं, हे तिचं ठाम मत. मला फक्त एवढं सांगितलं की चुलीला पुढच्या गोवऱ्या घ्यायच्या, पाठीमागची ओळ पावसाळ्यासाठी आहे, तिला हात लावायचा नाही. मी हो म्हटलं. आणि चमत्कार झाला. आई रात्री घोरायला लागली. वाकळ आम्हाला परत मिळाली.

लग्न ठरलं म्हणून आई-वडील पिंपळगाव रेणुकाईला देवीची ओटी भरायला गेले, त्या दिवशी मोठमाय गेली.

सकाळी मी तिच्याकडे ताक घेऊन गेले तर ती उंबऱ्याशी टेकून बसलेली, हातात नवऱ्याची एक वहाण, दुसऱ्या हातात पुसायचं फडकं. माझ्या गवऱ्या कधीच मसनात गेल्यात, असं ती नेहमी हसून म्हणायची आणि आम्ही ते म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडून द्यायचो. मी तिला हात लावला आणि गल्लीत ओरडत सुटले. कुणीतरी सायकलवर राजूरला गेलं, तिथून जालन्याला निरोप गेला, आणि दुपार कलता कलता तिचा मुलगा एसटीने आला. तोवर बाकीची तयारी झालेली होती.

आमच्या गावात चितेच्या गोवऱ्यांची एक रीत होती. त्या कुणी मागत नाही आणि कुणी विचारत नाही. मयत झालं की प्रत्येक घर आपल्या उडवीतून काढून देतं, आणि सगळ्यांत जवळच्या घराने सगळ्यांत जास्त द्यायच्या. मोठमायच्या स्वतःच्या गोवऱ्या होत्या, पण थोड्या आणि दमट, तिच्यात थापायचं बळ कुठं राहिलं होतं. गडी बैलगाडी घेऊन आमच्या परसात आले. घरात मी एकटी. मला त्या क्षणी फार मोठं झाल्यासारखं वाटलं. आई-वडील नाहीत तर घराच्या वतीने मीच उभी होते.

पुढच्या गोवऱ्या नव्या होत्या, नीट वाळल्या नव्हत्या, धूर फार करायच्या. मोठमायला धुराची चीड होती. चुलीपुढे बसून ती धुराला शिव्या द्यायची. मी उडवीचं लिंपण मागच्या बाजूने फोडलं आणि पाठीमागच्या ओळीतल्या खणखणीत वाळलेल्या गोवऱ्या पाट्या भरभरून काढून दिल्या. आईने हात लावू नको म्हटलं होतं ते माझ्या लक्षात होतं. पण ते चुलीसाठी. चितेसाठी नको असं कोण म्हणेल? त्यात मी चूक केली असं मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. ज्या वस्तूला चोर हात लावत नाही ती सारं गाव हक्काने नेऊ शकतं, ही गोष्ट आईच्या हिशेबात आली नव्हती. आली असती कशी? मरणाचा हिशेब धरून कुणी सोनं लपवत नाही.

दिवेलागणीला आई-वडील परतले तेव्हा लोक मसणातून आंघोळीसाठी विहिरीकडे चालले होते. आईला वेशीतच कळलं होतं. ती रडतच आली, मोठमायच्या बंद दारापुढे बसली, तिथून उठून पाय धुवायला मागे गेली. मी मागोमाग गेले आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं की आपल्या घरून सगळ्यांत जास्त गेल्या आणि चांगल्या गेल्या. ती उडवीकडे बघत राहिली. पाठीमागचं लिंपण फुटलेलं, आत पोकळी. तिने विचारलं, आतल्या अंगाच्या पण? मी म्हटलं, त्याच तर वाळलेल्या होत्या. ती तिथेच चिखलात बसली आणि मग तिने सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही तिघांनी उरलेली उडवी फोडली. न जाणो गेली नसेल, मागे राहिली असेल. परसाचं दार लावून घेतलं आणि एकेक गोवरी दगडावर आपटून तिचा चुरा केला. शेजारच्या सुतकी घरातून बायकांचं रडणं ऐकू येत होतं आणि आम्ही इकडे दात-ओठ खाऊन शेण फोडत होतो. जरा कुठं पाऊल वाजलं की तिघंही थांबायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. गल्लीतली एक बाई कुडावरून डोकावली आणि काय करून राह्यलात म्हणाली. वडील म्हणाले, विंचू निघालाय, शोधून राह्यलो. ती म्हणाली, एवढा मोठा विंचू? आणि गेली. ऊन डोक्यावर येईपर्यंत आमच्या परसात गुडघाभर चुरा पडला होता. त्यात सोनं नव्हतं.

आता ते कुठं आहे हे नक्की झालं. मसणात, मोठमायच्या राखेत.

तिथून पुढचा उरलेला दिवस मला अजून अंगावर येतो. राख सावडायची तिसऱ्या दिवशी. तोवर त्या राखेला कुणी हात लावत नाही. आई वडिलांच्या मागे लागली की तुम्ही आधी जाऊन बघा, उन्हाच्या वेळी तिकडं कुणी नसतं. वडील उठायचे, वहाणा घालायचे, दारापर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे. शेवटी म्हणाले, चोर येऊ नये म्हणून काटे रचले, खोकून खोकून छाती फोडली, आणि आता मीच लपत जाऊन म्हातारीची राख उकरू? आई चुलीकडे वळली. मी मात्र गप्प बसायला तयार नव्हते. मी म्हटलं, मग मी जाते, माझं आहे ते. वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बसले. मला त्या मुलाचा मडकी उचलणारा हात दिसत होता. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या मसणात उघड्यावर पडलंय आणि कुणीही येऊन पायाने विस्कटेल, असं मला वाटत होतं.

रात्री चुलीपाशी ठरलं. आमच्याकडे राखेतून निघालेलं सोनं कुणी घरात आणत नाही, ते मेलेल्याचं, अस्थींबरोबर नदीला जातं. पण हे मोठमायचं नव्हतंच. तिच्या मुलाला बाजूला घेऊन वडील खरं सांगतील. तो समजूतदार आहे, देईल. सराफाकडे आटवलं की त्याला राख काय आणि पेटी काय. हे सगळं आईनेच मांडलं, एकेक मुद्दा धरून. वडिलांनी मान डोलावली. मी दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर तो आपणहून आमच्याकडे आला. अस्थींचं मडकं बाहेर लिंबाला टांगलं होतं. तिथून तो जालना, अंबडवरून शहागडला गोदावरीवर जाणार होता. अंगावर ओलं धोतर, डोक्याचे केस नुकते काढलेले. ओसरीच्या पायरीवर उभा राहिला, वर आला नाही. वडील घसा खाकरून उठले. आज ते खाकरणं चोरासाठी नव्हतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आधी त्याने मूठ उघडली.

चुरगाळलेले पिवळे पत्रे होते. लाख जळून गेलेली, दोरा जळून गेलेला, काही मणी नुसते चपटे, काही एकमेकांत अडकलेले. मी ओळखलं. आम्ही तिघांनी ओळखलं.

"वहिनी," तो आईला म्हणाला, "माय खोटं बोलत नव्हती."

त्याने तळहातावरचे पत्रे बोटाने एकेक करून वेगळे केले.

"सारं गाव हसायचं तिला. म्या बी हसलो. तिच्या तोंडावर म्हणलं म्या, तुझ्यापशी काय हाय म्हणून." तो थांबला, परत म्हणाला, "कुठं ठुलं व्हतं वो तिनं हे? तुमाला ठावं असंल. तुमाला समदं सांगायची ती."

वडिलांनी आईकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आता ती सांगेल, आता सांगेल, असं मी मनात म्हणत होते, आणि तिने माझ्या दंडाला धरलं, एवढं घट्ट की बोटं रुतली.

"गवरीत," आई म्हणाली. "मला दाखविलं व्हतं तिनं. चोराला किळस यावी अशा जागी ठिवलंय म्हणली व्हती."

तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि रडायला लागला. इतका वेळ रडला नव्हता तो, चितेपुढेसुद्धा नाही. मग उठला, मूठ मिटली, मडक्यातल्या अस्थींत ते पत्रे टाकले, आणि गाडीची वेळ झाली म्हणून जल्दी जल्दी निघाला. वडील अजून उभेच होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगताना मला अजून संताप येतो. वडिलांनी मधल्या माणसाकरवी निरोप धाडला की बोरमाळ आता नाही. का नाही ते सांगितलं नाही. सांगायचं तर आईचं बोलणं खोटं पडलं असतं. मुलाकडच्यांना वाटलं की दाखवायला उसनी आणली होती. ज्यांनी एवढं फसवलं ते आणखी काय लपवत असतील, असं आत्या म्हणाल्या म्हणे. मला वाटलं होतं तो मुलगा काहीतरी करेल, निदान एकदा येईल. तो आला नाही. त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न दुसरीकडे झालं.

गावाने मात्र मोठमायची चेष्टा बंद केली. उलट तिच्याबद्दल आवाज खाली करून बोलायला लागले. एवढं निघालं तर आणखी असेल, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि तिची उरलीसुरली उडवी एका दुपारी कुणीतरी फोडून चुरा केली. मग तिच्या रिकाम्या घराला दुसऱ्यांदा भगदाड पडलं, जमीनही उकरलेली. चोर बाहेरचे होते की गल्लीतले, कुणी विचारलं नाही. मोठमायचा मुलगा आला, त्याने भगदाड बुजवलं आणि गावात मान वर करून फिरला.

मी आईशी बोलणं टाकलं होतं. पाणी दे, भाकर दे, यापलीकडे नाही. ती नव्या गोवऱ्या थापत होती, वाळवत होती, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिने नवी उडवी रचायला घेतली. मी हाताखाली होते, कारण काम कुणाला चुकत नाही. ती किल्ली तिच्या गळ्यात लोंबत होती आणि ती बघूनच माझा बांध फुटला. मी म्हटलं, रात्री एवढं ठरवलं होतंस, मग माझं सोनं त्याच्या मायच्या नावावर का केलं?

ती गोवरी रचायची थांबली नाही. "तिच्या घरातून चोर रिकामा गेल्ता," म्हणाली. "ती लाज तिनं मरस्तोर सोसली. पोरगं त्या दिवशी त्यातून सुटलं. म्या त्याला कसं परत लोटू?"

मी म्हटलं, "अन् मी?"

तिने हातातली गोवरी नीट बसवली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तू त्या गवऱ्या तिला मनापासून दिल्या व्हत्या ना?"

"दिल्या होत्या."

"वाळलेल्या बघून दिल्या, धूर होऊ नये म्हणून."

"हो."

"मंग?" आई म्हणाली, आणि पुढच्या गोवरीसाठी तिने मागे हात केला.

माझा राग गेला नव्हता. तो बरीच वर्षं गेला नाही. पण तिचा हात तसाच मागे वळलेला होता, म्हणून मी एक गोवरी उचलून त्यात दिली, मग दुसरी दिली, आणि अंधार पडेपर्यंत ती पाठीमागची ओळ रचत राहिली.